नोकरी करून पाळकपण करताय? मग आधी या गोष्टी ठरवून घ्या

आपल्या बऱ्याच छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, पूर्णवेळ पाळक (पास्टर) परवडत नाही हे उघड आहे. वीस-पंचवीस घरं, अर्पणातून हॉलचं भाडं, लाईटबिल, साउंडवाल्याचे पैसे गेले की पाळकसाहेबांच्या हातात उरणार काय, आणि त्यांनाही मुलांच्या फिया आहेतच की. म्हणून कितीतरी पाळक आज दिवसा शाळेत, कंपनीत, दवाखान्यात काम करतात आणि संध्याकाळी नि रविवारी मंडळी सांभाळतात. मीही त्यातलाच, अकाउंट्सची नोकरी आणि एक छोटी मंडळी. नव्यानं यात पडणाऱ्यांसाठी हे लिहितोय, आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या त्यांच्या पंच कमिटीनं पण वाचावं अशी फार इच्छा आहे.

सगळ्यात आधी मनातला कमीपणा काढून टाका. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू करायचा, बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये सरळ लिहिलंय. इंग्लंडहून आलेला मिशनरी विल्यम केरी बंगालमध्ये आधी निळीच्या कारखान्यावर मॅनेजर होता, मग 1801 पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचा, तिथं मराठीसुद्धा शिकवायचा, आणि त्याचं मराठी व्याकरण 1805 ला छापलं गेलं ते याच नोकरीच्या काळात. पगाराचा मोठा भाग तो बंगालमधल्याच श्रीरामपूरच्या (सेरामपूर) मिशनच्या कामात घालायचा. पण पौलाच्या त्याच अध्यायात पुढे असंही आहे की त्याचे सोबती सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले तेव्हा पौल वचन सांगण्यातच गढून गेला, आणि फिलिप्पैच्या मंडळीनं त्याला मदत पाठवली हे तो स्वतःच मोठ्या प्रेमानं लिहितो. त्यामुळं "पौल पण काम करायचाच की" म्हणून मानधनावर कायमची फुली मारणाऱ्या कमिटीनं पूर्ण पान वाचावं. मानधन थोडं असू दे, पण ठरलेलं असावं आणि ठरल्या तारखेला मिळावं.

आता कामाचं. नोकरी किंवा मंडळी, जे दुसरं घ्याल ते घेण्याआधी दोन ठिकाणी बोलून लेखी घ्यायचं. एक म्हणजे तुमचं चर्च. बिशप किंवा जिल्हा अधीक्षक असलेल्या चर्चमध्ये असाल तर परवानगीशिवाय नोकरी धरू नका, नंतर कुणीतरी तक्रारअर्ज करतं आणि मग सगळं उलगडून सांगत बसावं लागतं. स्वतंत्र मंडळी असेल तर कमिटीच्या मिनिट्समध्ये नोंद घ्या. दुसरं म्हणजे नोकरी. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत, पूर्वपरवानगीशिवाय दुसरी नोकरी-धंदा चालत नाही. धर्मादाय स्वरूपाच्या मानद कामाला मोकळीक आहे पण मानधन घेतलं की विषय बदलतो, म्हणून ऑफिसला अर्ज देऊन उत्तर हातात ठेवा. प्रायव्हेटमध्ये ऑफर लेटर नीट वाचा, दुसरं काम करायचं नाही अशी अट बऱ्याचदा त्यात असते. साहेबाला लपवून पाळकपण होत नाही, कारण एक दिवस कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर तुमचं नाव येणारच.

नोकरी निवडायची मोकळीक असेल तर पगाराआधी साप्ताहिक सुट्टी विचारा. भोसरी-चाकणकडच्या कितीतरी कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी मशीन चालू. असं असेल तर उपासना रविवारी सकाळी सात वाजता किंवा संध्याकाळी ठेवायची तयारी मंडळीची आहे का ते आधी विचारा, नसेल तर ती नोकरी तुमची नाही. शिक्षकाला रविवार मोकळा मिळतो पण बोर्डाचे पेपर आणि तपासणी बरोबर उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) येते, वर इलेक्शन ड्युटी. अकाउंट्स आणि बँकवाल्यांनी तर कॅलेंडर काढूनच बसावं, 2027 ला ईस्टर 28 मार्चला आहे म्हणजे त्याआधीचा पवित्र आठवडा आणि इयर एंडिंग एकावर एक येणार. त्या आठवड्याच्या रोजच्या सभांना कोण बोलणार हे जानेवारीतच ठरवायचं, ऐनवेळी फोन फिरवून पाहुणा वक्ता मिळत नाही.

एक धंदा मात्र अजिबात नको, ज्यात गिऱ्हाईक म्हणजे तुमच्याच मंडळीतली माणसं. विमा एजन्सी, प्लॉट, भिशी, साखळी मार्केटिंग. कामं वाईट आहेत असं मुळीच नाही, पण पाळकाला नाही म्हणणं लोकांना जड जातं, ते पॉलिसी घेतात आणि पुढे हप्ता थकला की उपासनेला यायचे बंद होतात. एक कुटुंब अशा कारणानं गेलं तर ते परत आणायला वर्षं जातात. विमा विकायचाच असेल तर मंडळीबाहेर विका आणि हे कमिटीला सांगून ठेवा. तसंच उलट बाजूनं, ऑफिसच्या वेळेत मंडळीचे फोन नकोत. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन घेतो आणि बाकी वेळ सेक्रेटरींचा नंबर दिलाय, सुरुवातीला लोक रुसले, आता सवय झालीय.

सगळ्यात अवघड म्हणजे दफनविधी, कारण मरण रजा बघून येत नाही. आपल्याकडे बहुतेक त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी माती होते आणि घरच्यांना आपला पाळक हवा असतो, हवाच. यासाठी तीन गोष्टी करून ठेवा. वर्षाच्या रजेतल्या काही रजा फक्त यासाठी बाजूला ठेवा, त्या गावाला जायला वापरायच्या नाहीत. जवळच्या एखाद्या निवृत्त पाळकसाहेबांशी आधीच बोलून ठेवा. आणि दोन वडीलधाऱ्यांना घरची प्रार्थना चालवायला शिकवा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत घर एकटं पडणार नाही. कबरस्तानात नाही पोचलात तरी त्याच संध्याकाळी घरी जा, आणि बसा. घाईत येऊन गेलेलं लोकांच्या लक्षात राहतं. आजारपणाची खोटी रजा टाकून मात्र विधीला जाऊ नका, तिथं उभं राहून काय तोंडानं वचन वाचणार?

लग्नांचं त्यामानानं सोपं, तारीख आधी कळते. फक्त एक लक्षात ठेवा, 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विधी सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळात व्हायला हवा, काही अपवाद आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नका. म्हणजे सहाला सुटून, ट्रॅफिकमधून येऊन, साडेसातला लग्न लावतो असं कुणाला कबूल करू नका. शनिवार-रविवार नाहीतर रजा. आणि लग्न लावायचा अधिकार किंवा लायसन्स तुमच्या नावावर आहे ना हे पण बघा.

उपदेशाची तयारी शनिवारी रात्रीवर ढकलली की ती होत नाही, अंग गळालेलं असतं. मला जमलेली पद्धत अशी की एकच पुस्तक क्रमानं घ्यायचं, फिलिप्पैकरांस पत्राचे चारच अध्याय आहेत पण दोन-तीन महिने पुरतं, त्यामुळं दर सोमवारी "या रविवारी काय घेऊ" हा प्रश्नच उरत नाही. सोमवारी उतारा वाचायचा, जाता-येता बसमध्ये तोच डोक्यात घोळवायचा, गुरुवारपर्यंत मुद्दे वहीत उतरवायचे. महिन्यातला एक रविवार दुसऱ्याला द्या. तरुण संघातला एखादा मुलगा अडखळत बोलेल, बोलू दे.

आणि इथंच खरी गोम आहे. नोकरी करणारा पाळक म्हणजे स्वस्तातला पूर्णवेळ पाळक नव्हे. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, उपदेश, आजाऱ्यांची आणि दुःखितांची भेट हे तुमचं, बाकी हिशोब, हॉलचं बुकिंग, संडे स्कूल, घरसभांचं वेळापत्रक, नाताळची गायनफेरी हे मंडळीचं. यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीतसुद्धा पंगतीच्या कामाला सात जण निवडले होते. ही वाटणी कागदावर लिहून वार्षिक सभेत वाचून दाखवा, कोण काय करतो ते नावासकट. ज्या कामाला कुणीच हात वर करत नाही ते काम त्या वर्षी होणार नाही असं तिथंच प्रेमानं सांगा, आणि नंतर गुपचूप स्वतः करू नका.

त्या वाटणीत पाळकीणबाईंचं, म्हणजे पाळकाच्या पत्नीचं, नाव त्यांना न विचारता घालायचं नाही. त्यांचीही बहुधा नोकरी असते, तरी भगिनी मंडळ, संडे स्कूल, पाहुण्यांचा चहा सगळं त्यांच्यावर येतं. आठवड्यातली एक संध्याकाळ घराची, आणि ती मंडळीला माहीत असलेली. आमच्याकडे मंगळवार आहे.

पैशाचं शेवटी सांगतो. पगार आणि मानधन दोन्ही उत्पन्नच, दोन्ही रिटर्नमध्ये दाखवा. सेवेचा पैसा म्हणून टॅक्स नाही असं काहीजण सांगतात, पण 2024 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या फादर-सिस्टर्सच्या पगारातून टीडीएस कापायचाच असं ठरवलंय, तो पगार ते आपल्या संस्थेला देऊन टाकत असले तरी. मंडळीचे पैसे स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या यूपीआयवर कधीच घेऊ नका, क्यूआर कोड मंडळीच्या ट्रस्टच्या खात्याचाच लावा आणि चेकवर सही खजिनदार नि सेक्रेटरींची ठेवा. ट्रस्टचं खातं अजून नसेल तर नोकरीचा पहिला पगार यायच्या आत ते उघडून घ्या.