आठवडी बाजारात घरची फुले विकताना या चुका टाळा

परसातल्या किंवा बांधावरच्या फुलांचे चार पैसे करावेत असे ज्यांच्या मनात येते, त्यांचे सगळे लक्ष सहसा लागवडीकडे असते. कोणती जात लावावी, खत कोणते द्यावे, कीड कशी आवरावी, याची चौकशी ते दहा ठिकाणी करतात; बाजार मात्र आपोआप होईल असे गृहीत धरतात. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरामागच्या पाच गुंठ्यांत झेंडू, शेवंती, मोगरा आणि थोडा निशिगंध आहे, आणि तालुक्याच्या आठवडी बाजारात ही फुले मी गेली काही वर्षे स्वतः बसून विकते. या काळात फुले कमी आली म्हणून झालेले नुकसान थोडे. फुले भरपूर आली, पण नको त्या दिवशी आली किंवा नको त्या वेळी तोडली गेली, म्हणून झालेले नुकसान कितीतरी जास्त. म्हणून खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक शेवटी वेळेच्याच चुका आहेत.

पंचांग न पाहता लागण करणे

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता. त्या वर्षी १ ऑगस्टच्या सुमारास लावलेला झेंडू नेमका नवरात्रात भरात आला, पाट्या भरभरून गेल्या, आणि आपल्याला गणित जमले असे मला वाटले. पुढच्या वर्षीही मी डोळे झाकून त्याच तारखेला रोपे लावली. परंतु २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे दसरा २४ ऑक्टोबरला गेला होता आणि ५ ऑक्टोबर ही तारीख ऐन पितृपक्षात पडली होती. शेत केशरी झालेले, फुले तळहाताएवढी टपोरी, आणि बाजारात विचारणारे कोणी नाही. पितृपक्षात तोरण बांधणार कोण? त्या पंधरवड्यात जी थोडीफार मागणी असते ती पांढऱ्या फुलांना आणि माक्याच्या पानांना. दसरा उजाडेपर्यंत झेंडूचा पहिला जोमदार बहर संपून गेला, आणि मागाहून आलेली बारकी, पावसाने डागाळलेली फुले मिळेल त्या भावाने देऊन टाकावी लागली.

याचा हिशेब अवघड नाही. झेंडूची रोपे गादीवाफ्यावर साधारण २५ दिवसांत लावणीला येतात आणि लावणीपासून ६० ते ६५ दिवसांत तोडा सुरू होतो. म्हणजे बियाणे टाकण्याचा दिवस दसऱ्यापासून मागे मोजत यावे लागते. गेल्या वर्षीच्या तारखेवरून तो ठरत नाही. अधिक महिना नसेल तर सण दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकतात, आणि अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तो २० ऑक्टोबरला येतो. त्या दसऱ्यासाठी बियाणे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आणि लावणी ऑगस्टच्या मध्यास, असा मेळ बसतो. सगळी रोपे एकाच दिवशी न लावता आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत लावली, तर पाऊस लांबला किंवा ऊन कमी पडले तरी एक टप्पा हाताशी राहतो.

जात निवडतानाही हाच हिशेब लागतो. ‘पुसा नारंगी गेंदा’सारखी जात रंगाने सुरेख असली, तरी पेरणीपासून फुलायला सुमारे सव्वाशे ते एकशे पस्तीस दिवस घेते. शेजाऱ्याच्या नव्वद दिवसांच्या संकरित झेंडूबरोबर ती त्याच दिवशी पेरली, तर दिवाळीचा पाडवाही हुकण्याची शक्यता असते. शेंडा खुडण्याचेही तसेच आहे. खुडल्याने फांद्या वाढतात आणि फुले जास्त येतात हे खरे, पण बहर आठ-दहा दिवस लांबतो. त्यामुळे लावणीला आधीच उशीर झाला असेल तर हौसेने शेंडा खुडू नये. आणि संकरित झेंडूचे बी घरी धरून पुढच्या वर्षी लावले, तर फुलांचा आकार आणि रंग एकसारखा येत नाही. हारवाले अशा मिसळ मालाला हात लावत नाहीत.

दसरा-दिवाळी सोडून बाकीचे वर्ष विसरणे हीदेखील चूकच आहे. श्रावणी सोमवारी बेल आणि पांढरी फुले, संकष्टीला दूर्वा आणि जास्वंद, शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी वेण्या, सुटी फुले आणि पाच झाडांच्या डहाळ्या, असे हे चक्र चालते. मार्गशीर्षात चार-पाच गुरुवार येतात आणि घटाभोवती लागणाऱ्या डहाळ्या बहुतेकांच्या परसात फुकटच वाढत असतात. माझ्या अनुभवात या गुरुवारांचे उत्पन्न दसऱ्यापेक्षा लहान असले, तरी कितीतरी भरवशाचे आहे.

सगळी फुले एकाच वेळी तोडणे

बाजार सकाळी आठला भरतो म्हणून सहाला उठून जे दिसेल ते तोडायचे, ही सर्रास आढळणारी पद्धत आहे. प्रत्येक फुलाची वेळ मात्र वेगळी असते. मोगऱ्याची कळी पहाटे, ऊन चढण्यापूर्वी तोडावी. ती पांढरीशुभ्र आणि टपोरी, पण मिटलेली हवी. देठाकडे हिरवट झाक असलेली कळी तोडली तर ती नंतर नीट उमलत नाही, आणि झाडावरच उमललेले फूल दुपारपर्यंत तांबूस पडते. माझ्या सासूबाई कळी दोन बोटांत धरून जराशी दाबून पाहतात. भरलेली कळी बोटाला घट्ट लागते, कच्ची पोकळ लागते. त्यांच्या हातून पाटीत एकही कच्ची कळी पडत नाही. माझ्या हातून अजूनही शेकड्यात पाच-सात पडतात. सकाळी गजरा घेणाऱ्या नवख्या गिऱ्हाइकाला ‘या कळ्या संध्याकाळी उमलतील’ हे एका वाक्यात सांगावे. नाहीतर मिटलेला गजरा पाहून तो शिळा आहे असा समज होतो, आणि ती बाई पुढच्या बुधवारी शेजारच्या पाटीकडे वळते.

जास्वंदीच्या कळ्या आदल्या संध्याकाळी तोडून ठेवल्या तरी दुसऱ्या सकाळी उमलतात, म्हणून पूजेसाठी कळ्या देणेच सोयीचे. सकाळी उमललेले फूल तोडून नेले तर ते संध्याकाळपर्यंत मिटून जाते. झेंडू आणि शेवंती पूर्ण उमललेली तोडावी. तोडीच्या आदल्या दिवशी बागेला पाणी दिलेले असेल तर फुले जास्त टिकतात. मात्र फुलांवर दव किंवा पावसाचे पाणी असताना तोडून ती तशीच पाटीत दाबू नयेत.

पाणी मारून ताजेपणा आणणे

झेंडूवर तांब्याभर पाणी शिंपडले की तो चकचकीत दिसतो आणि काट्यावरही थोडा जड भरतो. हा मोह बाजारातल्या जुन्याजाणत्यांनाही आवरत नाही. परंतु झेंडूच्या दाट पाकळ्यांत शिरलेले पाणी बाहेर निघत नाही. फूल आतून तापते, पाकळ्यांची बुडे काळपट पडतात आणि गिऱ्हाइकाने घरी नेऊन दोरा ओवायला घेतला की पाकळ्या हातात येतात. फुले भिजलीच असतील तर गोणपाटावर पातळ पसरून पंख्याखाली तासभर वाळू द्यावीत. मोगऱ्याचे मात्र नेमके उलट आहे. त्याच्या कळ्या ओल्या, पण घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. दोन फुलांना एकच वागणूक दिली की एक कुजते आणि दुसरे सुकते.

प्लॅस्टिकच्या पिशवीत फुले कोंबणे सर्वांत वाईट. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, हा भाग वेगळा. पण बंदी नसती तरी बंद पिशवीत फुलांना वाफ धरते आणि तासाभरात त्यांना उग्र वास येऊ लागतो. बांबूची पाटी, तळाशी केळीचे पान आणि वरून सुती फडके, यापेक्षा चांगली सोय मला अजून सापडलेली नाही. टेंपोत फुलांची पाटी पिकलेल्या केळ्यांच्या किंवा पपईच्या क्रेटला खेटून ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि गुलाब, मोगरा यांसारखी नाजूक फुले त्यामुळे लवकर माना टाकतात. एका उन्हाळ्यात माझा मोगरा सलग दोन आठवडे बाजारात पोचेपर्यंत मलूल होत होता आणि मी दोष खताला देत होते. टेंपोतली जागा बदलल्यावर तक्रार थांबली.

भाव पाडण्याची घाई

दुपारी बारा वाजले, पाटीत अजून निम्मी फुले आहेत, आणि घरी परत न्यायची नाहीत म्हणून वीस रुपयांचा वाटा दहाला सोडायचा, असे एखाद्या दिवशी करणे समजू शकते. दर आठवड्याला केले तर गिऱ्हाईक ते बरोबर लक्षात ठेवते. आमच्या बाजारात एक आजी साडेअकरापर्यंत भाजीच्या ओळीत रेंगाळत असत आणि मी वाटे मोठे करू लागले की नेमक्या पुढे येत. त्यांचे चुकत नव्हते, ती सवय मीच लावली होती. आता मी सकाळीच मालाचे दोन भाग करते. एक भाग सुटा विकायचा, आणि दुसऱ्याचे हार व वेण्या बसल्या जागी ओवत राहायचे. ओवलेला हार संध्याकाळच्या आरतीपर्यंत विकला जातो आणि फुलांबरोबर हाताच्या कामाचेही पैसे मिळतात. हे पैसे धरायला घरची माणसे विसरतात, कारण ओवणारी सून किंवा सासू घरचीच असते आणि तिची मजुरी कोणी मांडत नाही. गजरा ओवताना दोरा सैल ठेवून वीतभर लांबी भरून काढणे हीही खोटी बचत आहे. माळल्यावर कळ्या गळू लागतात आणि बोलणी विकणाऱ्याला बसतात.

काट्याबद्दल एवढेच सांगेन की इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते आणि ते प्रमाणपत्र जवळ ठेवावे. पहाटे घरी मोजलेली पाच किलो फुले ऊन चढल्यावर पाव किलोने कमी भरतात, हे लक्षात घेऊन आदल्या वजनावर कोणाला शब्द देऊ नये.

आणखी एक चूक म्हणजे पाटी मोठी दिसावी म्हणून मार्केट यार्डातून आणलेली फुले आपल्या फुलांत मिसळणे. कृषी पणन मंडळाने शहरांत जे शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, त्यांचा हेतूच पिकवणाऱ्याने थेट खाणाऱ्या-वापरणाऱ्याला माल द्यावा हा आहे. पण नियमाचा भाग सोडला तरी यार्डातले फूल तुमच्या पाटीत येईपर्यंत किमान एक दिवसाचे झालेले असते. गिऱ्हाईक ते देठावरून ओळखते, आणि तुमच्या आज पहाटेच्या फुलांवरचाही विश्वास त्याबरोबर जातो.

शेवंतीला कळी न धरणे

हा प्रश्न मला अनेक जणी विचारतात, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देते. शेवंती लहान दिवसांचे, म्हणजे मोठ्या रात्रीचे झाड आहे. रात्र मोठी होऊ लागली की ती कळी धरते. आमच्या दोन ओळींपैकी एक भरभरून फुलली आणि दुसरी नुसती पाने वाढवीत राहिली, तेव्हा मी तिला खत दिले, औषध मारले, काही उपयोग झाला नाही. एका रात्री पाणी धरायला गेले असताना ध्यानात आले की गोठ्याचा दिवा रात्रभर नेमका त्याच ओळीवर पडतो. दिवा फिरवून गोठ्याच्या आतल्या अंगाला लावला आणि काही आठवड्यांनी त्या ओळीला कळ्या दिसू लागल्या. त्या वर्षीचा बाजार मात्र तोवर निम्मा संपला होता. रस्त्यावरच्या दिव्याखालीही शेवंती लावू नये. झेंडू नुसताच हिरवागार वाढत असेल तर कारण बहुधा निराळे असते: युरिया जास्त झालेला असतो. अशा वेळी तो ताबडतोब थांबवावा आणि पाणीही बेताने द्यावे.

मोगऱ्याच्या कळीला बारीक छिद्र दिसले आणि ती जांभळट पडू लागली, तर आत अळी आहे असे समजावे. अशा कळ्या वेचून जाळाव्यात किंवा खोल पुराव्यात. औषध मारायचे झाल्यास तोडा झाल्यानंतर, संध्याकाळी मारावे आणि लेबलवर लिहिलेले दिवस सोडूनच पुढचा तोडा घ्यावा. गजरा केसांत माळला जातो आणि त्याचा वास अगदी जवळून घेतला जातो.

बाजार उठताना उरलेला झेंडू मी परत आणते. घरी आल्यावर पाकळ्या सोडवून सावलीत वाळवते आणि देठ खतखड्ड्यात टाकते. वाळलेल्या पाकळ्या होळीच्या आधी रंगासाठी मागून नेणारी दोन घरे आता ठरलेली आहेत.