प्रवाशाच्या वाटीतला गरम रस्सा लिहायच्या आधी

फॅन्टसी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या गोष्टीत कधी ना कधी तो सीन येतोच, दमलेला प्रवासी, भिजलेला झगा, शेकोटी, आणि हातात वाफाळती वाटी. माझ्याही आला होता. तेव्हा मी चार जणांना खिंडीत, भर पावसात, अर्ध्या तासात मटणाचा रस्सा करून खाऊ घातला आणि ड्राफ्ट वाचणारी मैत्रीण म्हणाली "तुझ्याकडे कुकर आहे का रे त्या जगात?" तेव्हापासून असा सीन लिहायला बसायच्या आधी थोडी तयारी करतो, तीच सांगतोय.

पहिलं म्हणजे वाटीच्या आधीचे तीन दिवस ठरवा. रस्सा कसा लागतो याच्यापेक्षा त्याआधी माणूस काय चावत होता ते महत्त्वाचं, कारण त्या वाटीतली सगळी ऊब तिथून येते. पीठ, पाणी आणि मीठ यांची दगडासारखी कडक बिस्किटं खलाशी आणि सैनिक खरंच खायचे, कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात पण भिजवल्याशिवाय दात लागत नाही. तीन दिवस ती खाल्लेल्या माणसाला नुसतं काहीतरी मऊ आणि गरम मिळालं तरी डोळ्यांत पाणी येईल, तुम्हाला चवीची दहा विशेषणं लिहायची गरजच पडत नाही.

मग पोतडी उघडा आणि वजन मोजा. ताजं मांस कुणी आठवडाभर पाठीवर नेत नाही. त्यात जवळपास 70 टक्के पाणीच असतं, म्हणून सुकवून नेतात, तीन-चार किलोचं साधारण एक किलो होतं. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी सुक्या मांसाची पूड करून जवळपास तेवढीच वितळवलेली चरबी घालायचे, त्याला पेमिकन म्हणतात आणि ते बराच काळ टिकतं. त्यातली चरबी फक्त टिकावासाठी नाही बरं का, एका ग्रॅमला 9 कॅलरी म्हणजे धान्याच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे थंडीत चालणाऱ्याला तूप-चरबीचीच ओढ लागते. वडीएवढ्या सुपाची आयडिया हवी असेल तर 18व्या शतकात जहाजांवर चक्क आटवून वड्या केलेलं सूप न्यायचे, गरम पाण्यात विरघळवलं की झालं. तुमच्या किमयागाराला हे सहज जमावं, जादू लागतच नाही. सोबत बार्ली, सुके मश्रूम आणि मीठ. मश्रूम भिजवलेलं पाणी फेकू देऊ नका, अर्धी चव त्यातच असते.

आता माझी जिथे गंमत झाली ते, म्हणजे आच आणि उंची. जसजसं वर जाल तसं पाणी कमी तापमानाला उकळतं, 3000 मीटरवर साधारण 90 अंशालाच, म्हणजे भांडं खदखदतंय पण आतलं धान्य शिजायला बराच जास्त वेळ लागतो. चिवट मांस मऊ व्हायला तर खालीसुद्धा दोन-तीन तास मंद आच लागते. म्हणून खिंडीत रस्सा नको, भाजलेल्या पिठाची पेज द्या, रस्सा खाली दरीतल्या सरायीत ठेवा जिथे हंडी सकाळपासून चुलीवर आहे. सरपणाचाही विचार करा. पावसात ओली लाकडं नुसती धुमसतात, पण बर्च झाडाच्या सालीत तेल असतं म्हणून ती ओली असली तरी पेटते, आणि पिशवीत कोरडी साल जपून ठेवणारं कॅरॅक्टर मला कुठल्याही तलवारबाजापेक्षा आवडतं. बिडाची हंडी कोण उचलतंय तेही लिहून ठेवा, चार-पाच किलोची असते ती, घोडा मेला की हंडी पण गेली!

तुमच्या जगात बटाटा, टोमॅटो, मिरची आहे का ते एकदा ठरवा. आपल्या जगात ही तिन्ही 1492 नंतर अमेरिकेतून बाहेर पडली, तुमच्याकडे ती कुठूनही येऊ दे, वाचक त्यावरून भांडत नाही, फक्त मधेच विसरू नका.

एक सावधगिरी, आणि हे खरंच महत्त्वाचं आहे. कॅरॅक्टर कित्येक आठवडे अंधारकोठडीत उपाशी राहून सुटलं असेल तर त्याच्यासमोर भरलेली वाटी ठेवू नका. फार दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातले क्षार बिघडून माणूस दगावू शकतो. त्याला आधी थोडं थोडं पातळ द्यावं लागतं, आणि बाकीचे ओरपत असताना त्याला घोटभरच मिळतंय, वाढणारी बाई वाटी मागे ओढतेय आणि तो तिच्यावर चिडलाय, हा सीन लिहायला मला जास्त मजा येईल.

वाढण्याचं पटकन उरकतो, चमचे किती, आधी कोणाला, बसायचा क्रम, एवढंच. आणि भांडं कोण घासणार ते ठरवाच. माझ्या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये सगळे जेवून झोपले, चरबी लागलेली हंडी तशीच बाहेर राहिली, आणि रात्री वासावर लांडगे आले. ते मी प्लॅन केलं नव्हतं, पण पुढचं अख्खं प्रकरण त्यातून निघालं.