बर्फाच्या गावात राहायला जाताय? घर फेब्रुवारीत बघा

जपानच्या खेड्यात जुनं घर स्वस्तात मिळतं, हे आता बऱ्याच जणांना कळलंय. नगरपालिका रिकाम्या घरांची यादी ठेवतात, तिला ‘आकिया बँक’ म्हणतात. मे महिन्यात घर बघायला आलं की खाचरांत पाणी भरलेलं असतं, बेडूक ओरडत असतात आणि माणूस जागच्या जागी होकार देऊन मोकळा होतो. मी निईगाता प्रांतात, तोकामाचीच्या डोंगराळ भागात बरीच वर्षं राहते आहे. नव्यानं येणाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की घर फेब्रुवारीत बघा.

सैबेरियाकडून येणारा गार वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि आमच्या डोंगरांना अडून सगळं इथेच टाकतो. १९४५ साली तोकामाचीत चार मीटरहून जास्त बर्फ साचल्याची नोंद आहे. दोन मीटर म्हणजे तर नेहमीचंच. म्हणून घर बघताना स्वयंपाकघराच्या आधी छताची चौकशी करा. काही छतं उतरती असतात, बर्फ आपोआप घसरून पडतो. तो पडायला आवारात जागा आहे का ते बघा, शेजाऱ्याच्या हद्दीत पडत असेल तर कायमची कटकट. काही छतांवर बर्फ वितळवायची सोय असते, तिथे इंधनाचा खर्च विचारा. आणि जुन्या घरांचं छत माणसानं वर चढून मोकळं करायचं असतं. ते आजवर कोण करत होतं, हे घरमालकाला स्पष्ट विचारा.

नोव्हेंबर हा तयारीचा महिना. खिडक्यांना बाहेरून फळ्या लावायच्या, झाडांच्या फांद्या दोरीनं आवळून बांधायच्या, गाडीला बर्फाचे टायर चढवायचे. कुंपणाच्या आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांवर उंच काठ्या रोवा, नाहीतर बर्फ काढणाऱ्या यंत्राच्या चालकाला तुमची भिंत दिसणार नाही. रॉकेलचे १८ लिटरचे कॅन भरून ठेवा, पण गेल्या हिवाळ्यातलं उरलेलं रॉकेल वापरू नका, त्यानं हीटर बिघडतो. हीटर चालू असताना तासाला एक-दोनदा खिडकी उघडायचीच, कितीही गारठा असला तरी. पारा उणे चारच्या खाली जाणार असेल त्या रात्री नळाच्या पाइपांतलं पाणी काढून टाका. पाइप गोठलाच तर टॉवेल गुंडाळून वर कोमट पाणी हळूहळू ओता. उकळतं पाणी ओतलं तर पाइप तडकतो.

अवजारात फावड्याआधी ‘स्नो डंप’ घ्या. दोन्ही हातांनी ढकलायचं मोठं सूप असतं, खाली वाकावं लागत नाही, कंबर वाचते. वापरायच्या आधी आतून सिलिकॉनचा स्प्रे मारला की ओला बर्फ चिकटत नाही. पहाटे यंत्र रस्ता साफ करून जातं आणि तुमच्या दारासमोर टणक बर्फाचा बांध सोडून जातं. तो आपला आपण काढायचा. पुन्हा रस्त्यावर मात्र ढकलायचा नाही.

मग टाकायचा कुठे? बऱ्याच वस्त्यांत रस्त्याकडेला वाहत्या पाण्याची गटारं असतात, झाकण उघडून बर्फ त्यात सोडतात. इथे शिस्त लागते. प्रत्येक भागाची वेळ ठरलेली असते, कारण सगळ्यांनी एकदम टाकला तर गटार तुंबतं आणि वरच्या अंगाच्या घरांत पाणी शिरतं. मोठे गोळे फोडून, थोडा थोडा टाका. वेळ संपली की झाकण लावा. उघडं राहिलेलं झाकण ताज्या बर्फाखाली दिसत नाही आणि त्यात माणूस पडतो. गावातलं तुमचं नाव या गटाराच्या काठावर ठरतं, असं मी मनापासून सांगते. वेळेवर येणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो.

छताची गोष्ट गंभीर आहे. एक मीटर जाडीच्या साचलेल्या बर्फाचं वजन दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो धरतात. बर्फ काढताना दरवर्षी माणसं जातात, आणि त्यात म्हातारी माणसं जास्त असतात. आमच्या शेजारच्या आजोबांनी मला पहिल्याच हिवाळ्यात बजावलं होतं, “एकटीनं शिडीला हात लावायचा नाही. आधी आमची बेल वाजवायची.” तोच नियम मी आजही पाळते. हेल्मेट, कमरेला दोर, खिशात फोन. शिडी वरून बांधलेली हवी. घराभोवतीचा बर्फ आधी उपसू नका, वरून पडलात तर तोच वाचवतो. छत पार खरवडू नका, पातळ थर राहू द्या म्हणजे पाय घसरत नाही. थंडीनंतर लख्ख ऊन पडलं की हुरूप येतो, पण त्याच दिवशी बर्फ सैल होऊन एकदम सरकतो. तेव्हा वर चढू नका, वळचणीखाली उभेही राहू नका. गॅसचे सिलिंडर आणि हीटरचा धूर बाहेर सोडणारी नळी रोज मोकळी करा. गाडी बर्फात अडकली तर इंजिन बंद करा. चालू ठेवावंच लागलं तर धुराच्या नळीभोवतीचा बर्फ सतत काढत राहा. विषारी वायू आत भरतो आणि त्याला वास नसतो. अपघात झाला तर रुग्णवाहिकेसाठी ११९ ला फोन करा.

आता कोबी आणि मुळ्याचं. बर्फाखाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं, भाजी गोठत नाही आणि गोड होते. कोबी मुळासकट उपटून आवारात ओळीनं मांडा, वर पेंढा टाका आणि बाकीचं आभाळावर सोडा. जागेवर खूण म्हणून बांबू मात्र तीन मीटरचा रोवा. त्याहून बुटका बांबू जानेवारीत बर्फाखाली जातो आणि मग अख्खं आवार खणावं लागतं.