बंगालचं माहेर, खान्देशचं सासर: आईची भाषा मुलांपर्यंत कशी पोचवायची

भुसावळ-जळगावकडच्या घरात बंगालची सून आली की तिच्या मुलांच्या कानावर आजीची अहिराणी, शाळेची मराठी आणि टीव्हीवरची हिंदी आपोआप पडते. बंगाली मात्र एकट्या आईकडूनच येते. म्हणून सणांच्या आधी रोजच्या बोलण्याचं बघा.

जन्मापासून आंघोळ, भरवणं आणि झोपवणं या तिन्ही वेळा फक्त बंगालीच्या ठेवा. बालवाडी सुरू झाली की मूल मराठीत उत्तरं देऊ लागतं. बहुतेक घरांत भाषा इथेच सुटते, कारण आईही सोयीसाठी मराठीवर येते. रागावू नका, पण आपण बदलूही नका. मुलाने मराठीत पाणी मागितलं तर 'जोल खाबी?' म्हणत पेला हातात द्या. सासूबाई शेजारी असतील तर तेच लगेच अहिराणीत सांगा. मायलेकरं आपल्याआड काही बोलतात, असं त्यांना वाटायला नको. सुरुवातीला वाक्यांत सरमिसळ होते, ती पुढे निवळते. मूल दोन वर्षांचं होऊनही शब्द जोडत नसेल तर दोष भाषांना देऊ नका, कान तपासून घ्या.

चव सोपी. मोहरी, जिरे, बडीशेप, कलौंजी प्रत्येकी एक चमचा आणि मेथी अर्धा चमचा, कारण ती जळली की फोडणी कडू होते. हे पाचफोडण. आपल्याकडे मसाला भाजून वाटायची सवय असते, पण हा अख्खाच ठेवायचा. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवा, किंचित निवू द्या, मग त्यात हा मसाला टाका; वाटीभर मसूरडाळीला एक चमचा मसाला पुरे. मिश्रण मुलांकडून मोजून घ्या आणि नावं बंगालीत म्हणवून घ्या.

वसंत पंचमीला सरस्वतीपुढे पाटीवर पहिली अक्षरं गिरवून घ्या, बंगालमधली हातेखोडी हीच. नेमाने लिपी शिकवणं मात्र देवनागरी पक्की झाल्यावर, साधारण दुसरीत. अंकांवर जास्त वेळ द्या: बंगाली चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि सात नऊसारखा, तिथे मुलं हमखास चुकतात.

व्हिडिओ कॉलवर 'दिदाला (आईच्या आईला) नमस्कार कर' एवढंच सांगितलं तर मूल दोन मिनिटांत पळतं. त्याच्या हातात दाखवायला काहीतरी द्या: चित्र, पडलेला दात, शेतातलं केळफूल. केळफुलाचं काय करायचं हे दिदाला पुष्कळ सांगता येतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इथल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. मुलांना ते सगळं मिळू द्या आणि आईच्या माहेरची फेरीही याच उन्हाळ्यात, शाळा सुटल्याबरोबर ठरवा. भुसावळहून हावड्याला थेट गाड्या आहेत, आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. तिकिटं काढली की माशी (मावशी) आणि मामांना फोन करून बजावा: मूल पहिले दोन-तीन दिवस गप्प राहिलं तरी त्याच्याशी हिंदीत बोलू नका.