बेरेझिनाच्या पुलाचं चित्र पाहताना या चुका टाळा

आम्स्टरडॅमच्या संग्रहालयात लॉरेन्स आल्मा-टाडेमा याचं एक चित्र आहे. नोव्हेंबर १८१२, रशियातून माघार घेताना वाटेत आलेली बेरेझिना नदी, आणि पाण्यात उतरून पूल बांधणारे नेपोलियनच्या सैन्यातले डच सैनिक. मला हे चित्र फार जवळचं वाटतं, म्हणूनच ते घाईत वाचलं गेलं की वाईट वाटतं.

पहिली चूक नावापासूनच होते. या सैनिकांना 'पाँटोनिये' म्हणतात, म्हणजे होड्यांवर तरंगता पूल टाकणारे. त्यामुळे बघणारा चित्रात होड्या शोधू लागतो. पण त्या तिथे नव्हत्याच. माघारीच्या वाटेवर ओर्शा इथे नेपोलियनच्या हुकमाने त्या जाळल्या गेल्या होत्या. पाँटोनियेंचे प्रमुख जनरल एब्ले यांनी हत्यारं, फिरत्या भट्ट्या आणि कोळसा मात्र हट्टाने सोबत ठेवला होता. स्टुडियान्का गावातली घरं पाडून लाकूड काढलं, त्याच्या घोड्या, म्हणजे पुलाचा भार पेलणारे लाकडी पायांचे आधार, केल्या, त्या नदीच्या तळाशी उभ्या केल्या आणि वर फळ्या टाकल्या. घोडी बसवायला माणसाला पाण्यात उतरावंच लागतं. छातीएवढ्या पाण्यातली ही माणसं चित्रकाराने केवळ करुणेसाठी घातलेली नाहीत; कामच तसं होतं.

दुसरी चूक: 'रशियातला हिवाळा, म्हणजे नदी गोठलेली'. गोठली असती तर पूल कशाला हवा होता? थंडी मध्येच ओसरल्याने पाणी मोकळं होतं आणि त्यातून बर्फाचे तुकडे वाहत होते. २६ नोव्हेंबरला दोन पूल उभे राहिले, एक पायदळासाठी, दुसरा तोफा आणि गाड्यांसाठी. दुसरा वारंवार मोडला, आणि दर वेळी तीच माणसं पुन्हा पाण्यात उतरली.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे आपण पूल बांधणाऱ्या सैनिकाला सहज 'सॅपर' म्हणतो. फ्रेंच सैन्यात मात्र पाँटोनिये तोफखान्याचे, सॅपर वेगळे, अभियंता दलाचे. इथे दोघांनीही काम केलं.

आणखी एक. हे चित्र डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष समजू नका. चित्रकाराचा जन्म १८३६ सालचा. हॉलंड १८१० ते १८१३ फ्रान्समध्ये सामील होतं, म्हणून डच माणसं त्या सैन्यात होती; पुढे स्वतंत्र देशाने त्यांना आपले वीर म्हणून आठवलं. त्यामुळे यात फ्रेंच पाँटोनिये शोधून 'ते कुठे गेले?' असं विचारू नका. पुलावर ते होतेच. एब्लेही फ्रेंचच, डिसेंबर संपता संपता ते क्योनिग्सबर्गला वारले.