रक्त तर एकाच माणसाचं, मग बिघडलं कुठं? सॅम्पल घेताना या चुका टाळा

रिपोर्ट चुकला की पहिलं बोट मशीनकडं जातं आणि दुसरं माझ्याकडं. मशीनला आम्ही रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं सॅम्पल, लावून बघतो. बल्ब, म्हणजे रक्ताची छोटी बाटली, भरणाऱ्या हाताला कंट्रोल लावायची सोय मात्र अजून निघालेली नाही. २२ वर्षं लॅबमध्ये काढल्यावर सांगतो, बहुतेक घोळ सॅम्पल आमच्या खिडकीत यायच्या आधीच झालेला असतो. आणि घोळही तेच ते. नवी पोरं बदलतात, चुका बदलत नाहीत.

सगळ्यात आधी माझं खास दुखणं: एका बल्बातलं रक्त दुसऱ्यात ओतणं.

रात्रीचे दोन वाजले होते. वॉर्डातून सॅम्पल आलं, पोटॅशियम ९.२. पुन्हा लावलं, तेच. इतकं पोटॅशियम असलेला माणूस सहसा मॉनिटरवर असतो, आणि हा म्हणे संध्याकाळी चहा मागत होता. म्हणून त्याच सॅम्पलवर कॅल्शियम लावलं, ते ४.१ आलं, म्हणजे फारच कमी. अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातलं एन्झाइम तर जवळपास नाहीच. तिथं ट्यूब पेटली. वॉर्डात फोन केला, तर तिकडं धावपळ सुरू. तोंडी कळलेल्या आकड्यावर पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन-ग्लुकोज भरायला घेतलेलं. मी एवढंच विचारलं, "डॉक्टर, ईसीजी कसा आहे?" ईसीजी अगदी नॉर्मल. "मग दोन मिनिटं थांबा, नवीन सॅम्पल द्या." नवीन सॅम्पलवर पोटॅशियम ४.३.

झालं होतं असं, की इंटर्नने आधी जांभळ्या झाकणाचा बल्ब काठोकाठ भरला. प्लेन, म्हणजे गोठू न देणारं औषध नसलेल्या, बल्बाच्या वेळी शीर बसली. पुन्हा टोचायला नको म्हणून त्याने जांभळ्यातलं थोडं प्लेनमध्ये ओतलं. मी विचारल्यावर उत्तर काय, तर "रक्त तर एकाच माणसाचं आहे ना सर?" हो रे बाबा, रक्त एकाचंच आहे. पण जांभळ्या बल्बात ईडीटीए असतं, आणि ते पोटॅशियमचं मीठ असतं. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हणजे पोटॅशियम वरून घातलं आणि कॅल्शियम काढून घेतलं. उरलंसुरलं मॅग्नेशियम आणि झिंकही पकडतं, आणि त्यांच्याशिवाय ते एन्झाइम चालत नाही, म्हणून अल्कलाइन फॉस्फटेज पडतं.

९.२ पकडता येतं. मला भीती थोडक्या भेसळीची वाटते. खरं पोटॅशियम २.८ असलेल्या पेशंटच्या बल्बात ईडीटीएचा अंश गेला आणि रिपोर्ट ३.९ आला, तर तो रिपोर्ट सगळ्यांना आवडतो. पेशंटला पोटॅशियम द्यायचं राहून जातं आणि कुणाला शंकाही येत नाही.

उपाय म्हणजे भरायचा क्रम. ब्लड कल्चरची (जंतू वाढवून बघायची) बाटली असेल तर ती पहिली, मग निळा सायट्रेट, मग प्लेन किंवा पिवळा जेल, मग हिरवा हेपॅरिन, मग जांभळा, शेवटी साखरेचा राखाडी. हा क्रम मी पाठ करायला सांगत नाही. टोचायच्या आधी ट्रेमध्ये बल्ब डावीकडून उजवीकडं त्याच क्रमाने उभे करतो, म्हणजे अर्ध्या झोपेतही हात चुकत नाही. रक्त कमी मिळालं तर तसं सांगा. थोडक्यात काय काय बसवता येतं ते आम्ही बघू. ओतू मात्र नका.

दुसरं दुखणं लेबलचं.

आपल्याकडं एका गावात अर्धी घरं एका आडनावाची. वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन आज्या होत्या. नाव सारखं, आडनाव सारखं, गावही एकच. फरक फक्त मधल्या नावात, म्हणजे नवऱ्याच्या. एकीला रक्त चढवायचं होतं, दुसरीचा खुबा मोडलेला. दोघींचे ग्रुपिंगचे बल्ब पहाटे आले. पहिलीचा ग्रुप बी आला. आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये तिचाच ग्रुप ओ लिहिलेला, दोन वर्षांपूर्वीचा. सिस्टर म्हणाल्या, "तेव्हा चुकलं असेल." तेव्हाही चुकू शकतं, नाही असं नाही, पण माणसाचा ग्रुप एकच असतो आणि दोनपैकी एक बल्ब खोटा बोलत होता. मी स्वतः वर गेलो. नर्सिंग स्टेशनवर रिकाम्या बल्बांवर आधीच लेबलं चिकटवून ठेवलेली, "वेळ वाचतो" म्हणून. पोरगं खाटेपाशी जाऊन नाव घेऊन विचारायचं, "तुम्हीच ना आजी?" आणि ऐकायला कमी येणारी आजी सगळ्यालाच म्हणायची, "हो बाळा." ओ ग्रुपच्या बाईला बी रक्त लागलं असतं तर काय झालं असतं ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

तेव्हापासून माझी सवय: नाव आपण घ्यायचं नाही, पेशंटकडून वदवून घ्यायचं. "पूर्ण नाव सांगा, मधल्या नावासकट." मग वय, मग हातावरचा पट्टा आणि केस पेपरचा नंबर. बेशुद्ध असेल तर पट्टा आणि नातेवाईक दोन्ही. लेबल रक्त घेतल्यावर, खाटेजवळ उभं राहूनच लावायचं. ते बल्बाच्या अंगावर लावायचं, झाकणावर नाही. झाकण आम्ही काढतो हो! वेळ आणि घेणाऱ्याची सही त्यावर हवी. बिनलेबलचा बल्ब घेऊन "हा तिचाच आहे, मी लिहून देतो" म्हणणारे महिन्यातून दोन तरी येतात. ग्रुपिंग आणि क्रॉसमॅचच्या (चढवायचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघायच्या) बल्बावर मी खाडाखोडही चालवून घेत नाही. पुन्हा टोचा. शिव्या मला द्या.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नका. डेक्स्ट्रोज लावलेल्या हाताची साखर ७०० येते आणि नातेवाईक घाबरतात. दुसरा हात नसेलच तर सलाईन निदान दोन मिनिटं बंद करा, सलाईनच्या सुईच्या खालच्या बाजूने घ्या आणि पहिलं ५ मिली टाकून द्या.

दंडाला आवळायचा पट्टा एक मिनिटाच्या वर बांधून ठेवू नका आणि पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावू नका, त्यानेही पोटॅशियम चढतं.

सिरिंजचं रक्त सुईतूनच जोराने बल्बात मारलं की पेशी फुटतात आणि सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, गुलाबी येतं. सुई काढा, झाकण उघडा, काचेवरून ओघळू द्या. स्पिरिट वाळल्याशिवाय टोचू नका. आणि जांभळा बल्ब ८-१० वेळा हळू उलटासुलटा करायचा, कॉकटेलसारखा घुसळायचा नाही.

निळा बल्ब रेघेपर्यंत भरा. सायट्रेट एक भाग, रक्त नऊ भाग: ०.३ मिलीला २.७ मिली. अर्धाच भरला तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबतो, त्यावरून काढलेला आयएनआर खोटा वाढतो, आणि हृदयात व्हॉल्व्ह बसवलेल्या पेशंटच्या रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस उगाच कमी होतो. कमी भरलेला निळा बल्ब मी परत पाठवतो, कुणाचाही असो.

साखरेचं रक्त प्लेन बल्बात घेऊन कलेक्शनवाल्याच्या डिकीत फिरत ठेवलं, तर पेशी ती साखर तासाला ५ ते ७ टक्के खात बसतात. तीन तासांनी १०० ची ८०-८५ होते. "काल घरच्या मशीनवर जास्त होती" हे मग आम्हीच ऐकायचं.

आता बायोप्सी. हे चिडून लिहितोय. गाठ काढली की ऑपरेशन थिएटरमधल्या मामांच्या हातात जी बाटली येईल तिच्यात ती जाते. हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, १० टक्के फॉर्मालिन, तुकड्याच्या निदान दहापट, तोंड मोठं असलेल्या डब्यात. सलाईनमध्ये रात्रभर राहिलेला तुकडा सडायला लागतो, स्लाइडवर काही वाचता येत नाही. पण टीबीची शंका असेल तर कल्चरसाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये अजिबात नको, तो निर्जंतुक सलाईनमध्ये. फॉर्मालिनने जंतू मरतात, मग वाढवणार काय? मानेची गाठ अख्खी फॉर्मालिनमध्ये आलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे, सोबत चिठ्ठी: "टीबी कल्चर". रक्त पुन्हा काढता येतं. काढलेली गाठ परत मानेत बसवून पुन्हा काढता येत नाही. कापायच्या आधीच दोन बाटल्या, दोन लेबलं तयार ठेवा. लेबलं इथं आधी लिहिली तरी मी रागावणार नाही, टेबलावर पेशंट एकच असतो.

थुंकीच्या डबीत लाळ नको. सकाळी खाण्याआधी चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. हा शब्द उच्चारायला लाजू नका, पेशंटला "स्पुटम" कळत नाही. लघवीचं कल्चर मधल्या धारेचं, आणि दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा.

फ्रीज म्हटलं की सगळ्यांना सुरक्षित वाटतं. पोटॅशियमचं, सीरम वेगळं करायला मशीनमध्ये न फिरवलेलं रक्त फ्रीजमध्ये ठेवलं की पेशींचा पंप थंडीने बंद पडतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. सीरम गुलाबीही दिसत नाही, म्हणून चोर सापडत नाही. ब्लड कल्चरच्या बाटल्या आणि कल्चरसाठीचं मणक्यातलं पाणीही बाहेरच राहू दे. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून मी आमच्या फ्रीजच्या दारावर चिकटवलंय. परवा त्या कागदावर कुणीतरी पेनने एक ओळ वाढवली: "आणि डबाही ठेवू नये." ती मात्र मी लिहिलेली नाही.