पालिकेत काम अडलंय? आधी या चुका टाळा

सोसायटीची सेक्रेटरी झालं की दोन गोष्टी फुकट मिळतात. लोकांच्या शिव्या आणि लोकांचे कागद. नवी मुंबईतल्या ऐरोलीत आमच्याकडे रविवारी सकाळी बेल वाजली की दारात कुणीतरी प्लास्टिकची पिशवी घेऊन उभं असतं. "ताई, जरा बघा ना, पालिकेत काम अडकलंय." अकरा वर्षं मी या पिशव्या उघडतेय. आतला घोळ बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो.

चुकीच्या दारात उभं राहणं

"पालिकेत" म्हणजे नेमकं कुठल्या, हे विचारलं की निम्मे लोक गप्प होतात. विटाव्याहून दिघ्याकडे येताना रस्ता तोच असतो, पण पालिका बदलते. विटावा ठाण्याचं, दिघा नवी मुंबईचं. माझी एक मैत्रीण खारघरला राहते. पत्ता लिहिताना "नवी मुंबई" लिहिते, म्हणून तुंबलेल्या गटाराची तक्रारही नवी मुंबई महापालिकेकडेच करत राहिली. तीनदा. तिन्ही वेळा "हद्दीबाहेर" असा शेरा आला आणि ती चिडून मलाच फोन करायची. अगं, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सगळं 1 ऑक्टोबर 2016 पासून पनवेल महापालिकेत आहे. नवी मुंबई महापालिकेची हद्द दिघ्यापासून बेलापूरपर्यंत. उलव्याला राहत असाल तर अजून सिडकोकडेच, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडेच जायचं.

रस्त्यांचं तर विचारू नका. पाम बीच मार्ग पालिकेचा, पण सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. एमआयडीसीतले रस्ते आणखी वेगळे. घरातली वीज गेली तर महावितरण, मात्र कळवा, मुंब्रा, शीळ भागात 2020 पासून ते काम टोरंट पॉवरकडे आहे. आणि रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर पुन्हा पालिका. मी वहीच्या पहिल्या पानावर ही वाटणी लिहून ठेवलीय. कुणी तक्रार घेऊन आलं की आधी ते पान, मग चहा.

जन्मदाखला: बाळ राहतं कुठे, हा प्रश्नच नाही

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात माझंच नाक कापलं गेलंय.

माझ्या बहिणीची मुलगी ठाण्याच्या एका खासगी रुग्णालयात जन्मली. बहीण राहते ऐरोलीत. जावईबापूंनी ऐरोलीचं लाइट बिल, दोघांची आधारकार्डं, लग्नाचा दाखला असं सगळं घेऊन नवी मुंबईतली रांग धरली. त्यांना धाडलं कुणी? मी. मोठ्या आत्मविश्वासाने. दोन सकाळी रजा टाकून उभे राहिले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "बाळंतपण कुठे झालं?" ठाण्यात, म्हटल्यावर त्यांनी कागद हातात न घेताच परत केले. जन्माची नोंद जिथे जन्म झाला त्या हद्दीत होते. आईबाप कुठे राहतात याचा संबंध नाही. मृत्यूच्या नोंदीचंही तेच. आमच्या ऐरोलीतली कितीतरी बाळं खाडीपलीकडे जन्मतात, तरी दर वर्षी एक तरी बाप इकडच्या रांगेत उभा दिसतो.

पुढचा भाग माझ्या चुकीचा नाही, पण जास्त महाग पडला. ठाण्यात नोंद सापडली, दाखला निघाला, आणि त्यात बहिणीचं नाव माहेरचं, तेही इंग्रजीत एका जास्तीच्या 'ए'सकट. रुग्णालयाचा फॉर्म रात्री अडीचला भरलेला. भरणारा चोवीस तास जागा. सही करताना कोण वाचतंय? सही झाली की रुग्णालय तोच फॉर्म निबंधकाकडे पाठवतं आणि तिथे जे लिहिलंय तेच सरकारी सत्य. दुरुस्ती होते, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 मध्ये तशी सोय आहे. पण त्यासाठी प्रतिज्ञापत्र, दोघांची ओळखपत्रं, रुग्णालयाचं पत्र आणि पाच खेपा. त्यातल्या दोन खेपा केवळ रुग्णालयाच्या पत्रावर शिक्का नव्हता म्हणून.

आता घरात कुणी गरोदर असेल तर मी एका चिठ्ठीवर आईचं आणि वडिलांचं पूर्ण नाव, मराठीत आणि इंग्रजीत, आधारवर आहे अगदी तसंच लिहून देते. ती चिठ्ठी रुग्णालयाच्या फाइलमध्ये आधीच ठेवायची. फॉर्म आला की अक्षर न् अक्षर त्या चिठ्ठीशी ताडायचं. लोक हसतात. हसू देत. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक कागद चालणार आहे.

नोंदणीची मुदत 21 दिवसांची. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, म्हणून "बारशानंतर बघू" म्हणू नका. नाव ठरलं नसेल तरी चालतं. नोंद आधी करा, नाव बारा महिन्यांत विनाशुल्क टाकता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. आणि दाखल्याला लॅमिनेशन करू नका हो!

"मी सांगितलंय त्यांना"

कुणाला? कधी? क्रमांक काय? तोंडी सांगितलेली तक्रार ही तक्रार नसतेच. त्याहून वाईट म्हणजे पहिल्याच दिवशी मुख्यमंत्र्यांना टॅग करून खड्ड्याचा फोटो टाकणारी नवी पिढी. तीन तासांत खड्डा बुजला नाही की "सिस्टिमच खराब". आधी प्रभाग कार्यालय, क्रमांक घ्या, आठवडा थांबा, मग वर चढा. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर खांबावरचा क्रमांक कळवा. "बागेजवळचा दिवा" म्हणाल तर माणूस येतो, भलताच दिवा पाहून जातो आणि तक्रार निकाली निघते. फोटो काढताना खड्ड्यासोबत दुकानाची पाटी किंवा इमारतीचं नाव येऊ द्या. आमची एक तक्रार दुसऱ्याच गल्लीचा फोटो जोडून बंद केली होती. आमच्याकडे पाटीसकट फोटो होता, म्हणून ती पुन्हा उघडता आली.

दाखला, कर आकारणी, नळजोडणी यांसारख्या अधिसूचित सेवांना लोकसेवा हक्क कायदा, 2015 लागू आहे. प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असते. ती टळली तर 30 दिवसांत पहिलं अपील करायचं. अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. पण अर्जाची पोच नसेल तर मुदत मोजणार कुठून?

घर घेतलं, नाव राहिलं

दुय्यम निबंधकाकडे करार नोंदवला म्हणजे सगळीकडे नाव लागलं, हा गोड गैरसमज. सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) वेगळं, मालमत्ता कराचं बिल वेगळं, वीज मीटर वेगळं. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरचं घर असेल तर सिडकोचं हस्तांतरण आणखी वेगळं. बिल जुन्या मालकाच्या नावाने येत राहतं, कुणी उघडत नाही, आणि थकबाकीवर दरमहा 2 टक्के चढत जातात. घर घेण्याआधी शेवटची कर पावती मागा. विकणारा "देतो देतो" म्हणाला तर थांबा.

बाकी थोडक्यात.

सोसायटीच्या आवारातलं झाड सोसायटीचं असलं तरी ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

माहिती अधिकारात "रस्ता का खराब आहे?" विचारू नका, त्याला उत्तर येणार नाही. कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड झाल्यास कंत्राटदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, विचारा. 10 रुपये, एकच विषय, 150 शब्दांच्या आत.

"उद्या पाणी बंद" हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी तारीख आणि पालिका वाचा. नवी मुंबईचं मोरबे धरण स्वतःचं आहे. ठाण्याला मात्र स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका असं चार ठिकाणांहून पाणी येतं. त्यामुळे एमआयडीसीने बंद घेतला तर कळवा-मुंब्रा-दिव्यात बादल्या भरतात आणि नौपाड्यात कुणाला पत्ताही नसतो.

एजंट. यावर माझं मत लोकांना आवडत नाही. तो अर्जावर स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो. पुढे ओटीपी, त्रुटीचा मेसेज, सगळं त्याच्याकडे जातं, आणि तुम्ही दोन हजार देऊन त्याच्याच फोनची वाट बघत बसता. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं नाव-बदल तसंच सात महिने पडून होतं. त्रुटी होती एका सहीची. परवा तेच काका पुन्हा पिशवी घेऊन आले. म्हणाले, "ताई, या वेळी नंबर माझाच टाकलाय." बघितलं तर एक आकडा कमी होता.